बुकिंग कॅन्सल करायचं का?

दरड कोसळते, पूर येतो, भूकंप होतो... आणि आपली सुट्टी नेमकी तिथेच ठरलेली असते! जायचं की घरी बसायचं? वायनाडच्या निमित्ताने, जरा शांतपणे.

२०२४ चं कॅलेंडर आठवतंय? १५ ऑगस्ट गुरुवारी आला होता. शुक्रवारी एक सीएल टाकली की सरळ चार दिवस, आणि सोमवारच्या राखीपौर्णिमेलाही रजा पदरात पाडून घेणाऱ्या हुशार मंडळींना चक्क पाच! असा लाँग वीकएंड दिसला की ऑफिसात दोन-तीन महिने आधीच एक्सेल शीट फिरायला लागते. गोवा नको, गर्दी. लोणावळा नको, ट्रॅफिक. मग कुणीतरी म्हणतं, वायनाड! पावसातलं केरळ, कॉफीचे मळे, ढगात बुडालेली बाल्कनी. डन!

आणि मग ३० जुलैचा मंगळवार उजाडला. मध्यरात्रीनंतर वायनाड जिल्ह्यातल्या मेप्पाडी पंचायतीत डोंगर सुटला. पुंचिरीमट्टम, मुंडक्कै, चूरलमला या गावांतली माणसं झोपेतच चिखल-दगडांखाली गेली. अडीचशेहून जास्त बळी गेले. कितीतरी जणांचा पत्ताच लागला नाही. काही मृतदेह चालियार नदीतून वाहत थेट शेजारच्या मलप्पुरम जिल्ह्यात सापडले.

अशा वेळी ट्रिपच्या ग्रुपवर साधारण तीन प्रकारचे मेसेज येतात. पहिला : 'असल्या वेळी मजा करायला जायचं? लगेच कॅन्सल करा.' दुसरा : 'रिफंड मिळेल ना?' आणि तिसरा, जरा वेळाने, ग्रुपवर नाही तर खासगीत : 'आता रेट पडले असतील ना रे?'

तिघंही वाईट नाहीत. तुमच्या-आमच्यासारखीच नोकरदार मंडळी. पण तिन्ही मेसेज आपल्याबद्दलचे आहेत. आपलं मन, आपले पैसे, आपली संधी. ज्याच्या घरी आपण राहणार होतो, त्याचा त्यात पत्ताच नाही. आणि जायचं की नाही याचं उत्तर शोधायचं असेल तर सुरुवात त्याच्यापासून करावी लागते.

एक खोरं आणि अख्खा जिल्हा

बातम्यांनी त्या घटनेला नाव दिलं 'वायनाड लँडस्लाईड'. आता वायनाड हा एक पूर्ण जिल्हा आहे, २१०० चौरस किलोमीटरहून मोठा. इस्रोच्या हैदराबादच्या केंद्राने उपग्रहाच्या चित्रांवरून पाहिलं, तेव्हा समुद्रसपाटीपासून सुमारे १५५० मीटर उंचीवर सुमारे ८६ हजार चौरस मीटरचा उतार सुटलेला दिसला. राडारोडा नदीच्या पात्रातून सुमारे ८ किलोमीटर खाली वाहत गेला होता. त्या ८ किलोमीटरमध्ये जे झालं ते भयानकच. पण नाव लागलं ते सगळ्या जिल्ह्याला.

आपल्याकडचं उदाहरण घ्या. २२ जुलै २०२१ ला महाड तालुक्यातलं तळिये दरडीखाली गाडलं गेलं. त्या बातमीला 'रायगडची दरड' असं नाव पडलं असतं आणि लोकांनी अलिबागचीही बुकिंग्ज रद्द केली असती, तर किनाऱ्यावरच्या खानावळवाल्या काकू म्हणाल्या असत्या, अहो, तळिये कुठे आणि आम्ही कुठे!

वायनाडकरांचं नेमकं हेच म्हणणं होतं. कारण उरलेलं वायनाड जागच्या जागी होतं. कोळिकोडहून गेलात तर तामरशेरी घाटाची नऊ हेअरपिन वळणं चढून लक्किडीला पोहोचता, आणि हवा एकदम बदलते. बंगळुरूहून निघालात तर म्हैसूर, गुंडलुपेट आणि मग बंदीपूरचं जंगल. तिथे रात्री ९ ते सकाळी ६ रस्ता बंद असतो. तेव्हा लॉगआऊट करून रात्रभर गाडी मारायचा प्लॅन विसरा. पुढे सुलतान बत्तेरी. हे नाव टिपूच्या तोफखान्यावरून पडलेलं. जवळच अंबुकुत्ती डोंगरात एडक्कलच्या गुहा, भिंतींवर नवाश्मयुगातल्या माणसाने कोरलेल्या आकृत्या. बाणासुर सागरचं मातीचं अवाढव्य धरण, पूकोडचं तळं, उत्तरेला ब्रह्मगिरीच्या कुशीतलं तिरुनेल्लीचं देऊळ.

आणि खाणं! इथला गंधकशाला तांदूळ म्हणजे आपल्या आंबेमोहोराचा चुलतभाऊच. चुलीवर चढला की घरभर वास. झाडावर चढलेले मिऱ्याचे वेल, अंगणात वाळत घातलेली कॉफी, घाटातल्या दुकानांत वेलदोडे आणि मध. हे सगळं ३० जुलैनंतरही तिथे होतं. फक्त माणसं येईनाशी झाली.

त्या वर्षी केरळ सरकारने ओणमचे अधिकृत सोहळे रद्द केले. दुःखच तसं होतं. पण त्याच सप्टेंबरमध्ये राज्याच्या पर्यटन खात्याला वायनाडसाठी खास मोहीमही काढावी लागली, की या, वायनाड उघडं आहे. सोहळे नकोत आणि पाहुणे हवेत, या दोन गोष्टी एकाच महिन्यात. यात विसंगती वाटत असेल, तर पुढचा हिशेब बघा.

कॅन्सल करायला लागतं काय?

खरं सांगायचं तर कॅन्सल करणं फार सोपं असतं. एक बटण दाबायचं. पैसे चार दिवसांत परत, आणि वर आपण संवेदनशील असल्याचं समाधान फुकट. वीकएंडला आपण दुसरीकडे जातो. रिकामी राहते ती खोली वायनाडमध्ये.

मोठ्या हॉटेलांच्या साखळीला एक सीझन गेला तर ती दुसऱ्या शहरातून भरून काढते. तीन खोल्यांच्या होमस्टेला ते जमत नाही. तिथे स्वयंपाकाला येणारी बाई, चादरी धुणारा, नऊशे कंडीच्या रस्त्यावर पर्यटकांना वर नेणारा जीपवाला, घाटात मसाले विकणारा. यांच्यापैकी कुणाचंच घर दरडीत गेलेलं नसेल. म्हणून त्यांचं नाव नुकसानग्रस्तांच्या यादीत येत नाही. जीपचा हप्ता मात्र दर महिन्याला येतो. आणि ज्यांची घरं गेली, त्यांचे नातेवाईक याच हॉटेलांत, याच मळ्यांत कामाला असतात. तिथला पगार थांबला तर दोन्ही घरं बसतात.

मग काय, दुसऱ्याच दिवशी बॅगा भरायच्या? मुळीच नाही! पहिल्या काही आठवड्यांत त्या भागातला रस्ता अ‍ॅम्ब्युलन्सचा असतो, खोल्या बचावपथकांच्या आणि बेघर झालेल्यांच्या असतात. पाणी, डिझेल, फोनचं नेटवर्क, सगळंच अपुरं. तिथे आपण म्हणजे निव्वळ अडचण.

यावर एक साधा उपाय आहे, आणि तो कुठल्याच अ‍ॅपवर ठळक दिसत नाही. फोन उचला आणि मालकांना विचारा, 'अ‍ॅडव्हान्स राहू दे, तारीख पुढे ढकलूया का?' पैसे त्यांच्याकडे राहतात आणि आपली सुट्टी नोव्हेंबरात जाते. पंधरा ऑगस्ट काय, दरवर्षी येतो.

आणि हो, 'रेट पडले असतील' या मेसेजबद्दल. पडलेले असतातच. पण आधीच मार खाल्लेल्या माणसाशी आणखी दोनशे रुपयांसाठी घासाघीस करणं म्हणजे स्मार्ट शॉपिंग नव्हे. रेट कार्डवर असेल तेवढा द्या, गप्प बसा.

पूल बघायला जायचं नाही

जिल्ह्यात जाणं वेगळं आणि चूरलमलाला 'ती जागा' बघायला जाणं वेगळं. गोची होते ती इथे.

दरडीनंतरच्या पहिल्याच दिवसांत केरळ पोलिसांना आवाहन करावं लागलं होतं, की आपत्तीची जागा बघायला येऊ नका, बचावकार्यात अडथळा होतो. म्हणजे लोक येत होते! ढिगाऱ्याखाली माणसं शोधताहेत आणि कडेला कुणीतरी मोबाईल उंच धरून उभं आहे.

चूरलमलाहून मुंडक्कैकडे जाणारा पूल वाहून गेला, तेव्हा लष्कराच्या मद्रास इंजिनिअर ग्रुपने १९० फुटांचा बेली ब्रिज उभा केला, सुमारे ३१ तासांत. त्या पथकात होत्या आपल्या पारनेर तालुक्यातल्या मेजर सीता शेळके. त्यांचा पुलावरचा फोटो तुम्हीही फॉरवर्ड केला असेल, अभिमानाने. करावाच. पण तो पूल बांधला होता जेसीबी, अ‍ॅम्ब्युलन्स आणि मृतदेह नेण्यासाठी. तिथे पोझ देण्यासाठी नाही.

जवळच पुत्तुमला आहे. तिथे ८ ऑगस्ट २०१९ ला दरड कोसळून १७ जण गेले होते. २०२४ मध्ये ओळख न पटलेल्या मृतांना याच पुत्तुमलाच्या मळ्यात पुरलं गेलं, सगळ्या धर्मांच्या प्रार्थना म्हणून. कुणाचं नाव माहीत नव्हतं, म्हणून प्रत्येक कबरीवर नंबर. डीएनए जुळला की त्या नंबराला नाव मिळणार. असल्या जागी जाण्याचा हक्क कुणाचा? ज्यांचं तिथे कुणी आहे त्यांचा. पर्यटकाला तिथे 'स्पॉट' नाही, मग कॅमेरा कितीही भारी असो.

कुणी म्हणेल, स्मारकं तर जगभर लोक बघतातच की! बघतात. पण स्मारक तेव्हा होतं, जेव्हा तिथली माणसं स्वतः ठरवतात की आता बाहेरच्यांना इथे आणायचं, हे सांगायचं, ते नाही सांगायचं. त्याआधी ती जागा म्हणजे कुणाचं तरी मोडकं घर असते. आणि कुणाच्या घरात आपण न विचारता शिरत नाही.

एकाच आठवड्यात दोन उत्तरं

'गेलं की मदत होते' हा नियम सगळीकडे लागू पडतो का? नाही. ऑक्टोबर २०२३ चा एकच आठवडा बघा.

८ ऑगस्ट २०२३ ला हवाईमधल्या माउई बेटावरचं लाहाइना शहर आगीत भस्म झालं. शंभरहून अधिक माणसं गेली. हजारो बेघर लोकांना आसपासच्या हॉटेलांत ठेवलं होतं. बरोबर दोन महिन्यांनी, ८ ऑक्टोबरला, सरकारने पश्चिम माउई पर्यटकांना खुला करायला घेतला. त्याआधी दहा हजारांहून जास्त लोकांनी सह्या करून विनंती केली होती, की इतक्यात नको! रोजगार त्यांनाही हवाच होता. पण ज्या खोलीत बेघर कुटुंब राहत होतं, तीच खोली पर्यटकालाही हवी होती. शिवाय ज्यांचं घर जळून दोनच महिने झाले, त्यांनी कामावर जाऊन 'वेलकम' म्हणत हसायचं? तेही पाहुणा 'तुमचं घर वाचलं का हो?' असं विचारत असताना?

त्याच सुमाराला मोरोक्कोत वेगळं चित्र. ८ सप्टेंबर २०२३ च्या भूकंपात सुमारे तीन हजार माणसं गेली, मुख्यतः अ‍ॅटलस पर्वतातल्या खेड्यांत. मराकेश शहराचंही नुकसान झालं, पण हॉटेलं बहुतांश धड होती. ऑक्टोबरात जागतिक बँक आणि आंतरराष्ट्रीय नाणेनिधीची ठरलेली वार्षिक बैठक तिथेच झाली. येऊ का, असं विचारणाऱ्यांना तिथल्या गाईड आणि दुकानदारांचं उत्तर होतं, कृपा करून याच.

दोन्ही ठिकाणी पर्यटनावर जगणारी माणसं. उत्तरं उलटी, कारण परिस्थिती उलटी. म्हणजे प्रश्न विचारायचा तो असा : माझा बेड, माझं पाणी, माझी गाडी कुणाच्या वाट्याचं घेते आहे का? घेत असेल तर थांबा. नसेल, आणि तिथले लोक बोलावत असतील, तर निघा.

इर्शाळगडाची वाट

हे सगळं फार लांबचं वाटत असेल, तर पनवेलच्या पुढे या. इर्शाळगड हा मुंबई-पुण्याच्या ट्रेकर्सचा लाडका गड. वर जाताना मध्ये इर्शाळवाडी लागायची. घाम पुसत तिथल्या ओट्यावर टेकायचं, पाणी मागायचं, चहा-पोहे सांगायचे, उतरताना जेवायला थांबायचं. वाडीतल्या ठाकर कुटुंबांना त्यातून चार पैसे मिळायचे.

१९ जुलै २०२३ च्या रात्री डोंगर त्या वाडीवर आला. २७ मृतदेह मिळाले. ५७ जणांचा शोध २३ जुलैला थांबवावा लागला. ते तिथेच आहेत, त्या मातीत.

पावसाळी ट्रेकचा बेत आखताना हे लक्षात ठेवायला हवं. वाडीतली वाचलेली माणसं खाली चौकजवळ नव्या घरांत गेली. गडाचा रस्ता पूर्वी त्यांच्या पोटापाण्याचा होता. आता तोच त्यांच्या माणसांवरून जातो. त्या ओट्याच्या जागी उभं राहून 'व्ह्यू बघ ना यार' म्हणता येईल? ट्रेकिंग थांबवा असं कुणी म्हणत नाही. सह्याद्रीत गड शेकडो आहेत. निदान हा एक, न विचारता, नको.

योगायोग कसला क्रूर बघा. आंबेगाव तालुक्यातलं माळीण गाडलं गेलं ते ३० जुलै २०१४ ला. १५१ माणसं. चूरलमलाची तारीख तीच, बरोबर दहा वर्षांनी. भीमाशंकरला जाताना माळीणचा फाटा लागतो. तिथे आता मृतांच्या नावाने स्मृतिवन आहे, नवं गाव वसलं आहे. गावाने स्वतः उभी केलेली आठवण अशी असते. तिथे थांबून हात जोडले तर कुणाला वावगं वाटत नाही.

व्ह्यूचं बिल

एक प्रश्न उरतो, आणि तो जरा बोचरा आहे. डोंगर सुटतात त्यात आपला काही वाटा?

वायनाडची ती दरड एखाद्या रिसॉर्टमुळे कोसळली, असं म्हणणं चूक ठरेल. ती वर, उंचावरच्या उतारावर सुटली, आणि तीही जिथे पूर्वी दरड कोसळली होती त्याच ठिकाणी. आधी दोन दिवस प्रचंड पाऊस होता. शास्त्रज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटाने त्याच ऑगस्टमध्ये सांगितलं, की हवामानबदलामुळे तो पाऊस सुमारे १० टक्क्यांनी अधिक तीव्र झाला. पण धोका माहीतच नव्हता, असंही नाही. पुण्याच्या माधव गाडगीळांच्या समितीने २०११ मध्येच पश्चिम घाटाचा अहवाल दिला होता, आणि मेप्पाडी ज्या वैतिरी तालुक्यात येते, तो सर्वांत संवेदनशील गटात टाकला होता. अहवालाचं पुढे काय झालं, ते आपण महाराष्ट्रातही पाहिलंच.

आपण बुकिंग करताना काय शोधतो? 'व्हॅली व्ह्यू'. 'क्लिफ एज'. इन्फिनिटी पूल, शक्यतो कड्याच्या टोकाला. तो व्ह्यू मिळावा म्हणून उतार कापला जातो, रस्ता वर नेला जातो, पाण्याच्या जुन्या वाटा बुजतात. मागणी आपली असते. तेव्हा आपत्तीनंतर जाऊन मदत करायची खरीच इच्छा असेल, तर पुढच्या वेळी कड्याच्या टोकावरचा नको, गावातला होमस्टे घ्या. मळ्यातून चालत दहा मिनिटांवर जाऊन बघितलेला व्ह्यूही तितकाच देखणा असतो!

निघताय? मग हे बघून घ्या

• आधी फोन. जिथे राहणार तिथेच विचारा : रस्ता, पाणी, वीज ठीक आहे? तुमच्याकडे बेघर लोक राहायला आहेत का? उत्तर देताना समोरचा अडखळला तर महिनाभर थांबा.

• सरकारी आदेश म्हणजे आदेशच. बंद रस्ता म्हणजे बंद रस्ता. 'ओळखीचा जीपवाला नेतो' हे चालणार नाही.

• खर्च गावात करा. स्थानिक गाईड, स्थानिक जीप, घरचं जेवण. मसाले, कॉफी, तांदूळ तिथूनच घ्या.

• मदत आणि सुट्टी मिसळू नका. द्यायची तर रक्कम थेट मदतनिधीत द्या. जुने कपडे भरलेली बॅग तिथे नेऊन टाकणं म्हणजे आपल्या कपाटाची सफाई.

• ढिगारा, मोडकी शाळा, रडणारी माणसं यांचे फोटो नाहीत. आणि 'वायनाडला सपोर्ट करायला आलोय' असं रील तर अजिबात नाही. सुट्टीवर आलोय म्हणा. त्यात लाज कसली?

• पावसाचा अंदाज बघा. डोंगरात अतिवृष्टीचा इशारा असेल तर आपणच पुढची बातमी होऊ शकतो.

२७ मार्च २०२५ ला कल्पट्ट्याच्या एल्स्टन इस्टेटमध्ये दरडग्रस्तांच्या नव्या वसाहतीची पायाभरणी झाली. प्रत्येकी ७ सेंट जमीन, हजार चौरस फुटांचं घर. घर उभं राहिलं तरी घराला महिन्याचं उत्पन्न लागतं, आणि वायनाडमध्ये ते बऱ्याच अंशी मळ्यांतून आणि पाहुण्यांकडून येतं.

तेव्हा जा. चार दिवस मजेत राहा, भरपूर जेवा, मिरी घेऊन या. संध्याकाळी अंगणात बसल्यावर घरच्या काकांनी त्या रात्रीचा विषय काढलाच, तर मोबाईल खाली ठेवून ऐका. नाही काढला, तर यंदा कॉफी कशी आली, ते विचारा.